पाणथरी फाटली, तरी ऑपरेशन नाही?

दुचाकी घसरते, हँडल पोटात बसतं. सीटी स्कॅनमध्ये पाणथरी, म्हणजेच प्लीहा, फाटलेली दिसते आणि सर्जन सांगतात, ‘तूर्त ऑपरेशन नको, आयसीयूत ठेवू.’ नातेवाइकांचा धीर सुटतो तो इथे. आत रक्त साचलंय आणि हे नुसते बघत बसलेत!

एके काळी सर्जनही असंच मानत. प्लीहा फाटली की काढून टाकायची, तिच्यावाचून काही अडत नाही, अशी समजूत होती. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या किंग आणि शूमाकर यांनी रक्ताच्या आजारासाठी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या बाळांची हकीकत छापली. पुढे या बाळांना गंभीर जंतुसंसर्ग झाले होते. न्यूमोकोकससारख्या जंतूंना आवर घालणारा अवयवच गेला होता. १९६८ मध्ये टोरोंटोच्या बालरुग्णालयातल्या अनुभवावरून उपाध्याय आणि सिम्पसन यांनी मांडलं, की मुलांच्या प्लीहेतला रक्तस्राव बरेचदा आपोआप थांबतो. यातले डॉ. उपाध्याय पुढे दिल्लीच्या एम्समध्ये होते. या उपचाराच्या मुळाशी एक भारतीय सर्जन आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

आज नाडी-रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णांत प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंडाच्या बहुतेक मुक्या मारावर आधी हाच मार्ग धरतात.

‘ग्रेड चार आहे, म्हणजे ऑपरेशन पक्कं’ हेही खरं नाही. इजेची प्रत एक ते पाच अशी मोजतात, पण निर्णय मुख्यतः रुग्णाच्या प्रकृतीवर ठरतो. रक्त आणि सलाइन देऊनही रक्तदाब कोसळत असेल, तर थांबायचं नसतं. स्थिर रुग्णात स्कॅनवर रक्त झिरपताना दिसलं, तर जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन ती रक्तवाहिनी आतूनच बंद करता येते.

सर्वांत घातक समज मात्र ‘बीपी नॉर्मल, म्हणजे काही झालं नाही’ हा. धडधाकट तरुणाच्या शरीरातलं १५ ते ३० टक्के रक्त गेलं तरी वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो. आधी वाढते ती नाडी. म्हणून तर नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजतात, हिमोग्लोबिन ठरावीक तासांनी तपासतात, पोट वरचेवर दाबून पाहतात. पोट लाकडासारखं कडक झालं, तर आतडं फुटल्याची शंका येते. तिथे वाट पाहणं चालत नाही. फुटलेलं आतडं ऑपरेशन करूनच शिवावं लागतं.

जिथे रात्री-अपरात्री सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळत नाही, तिथे हा मार्ग धरू नये. अशा वेळी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवणंच शहाणपणाचं.

घरी सोडल्यावरही रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. जड ओझं, धावपळ आणि कबड्डी डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद ठेवा, पोट चोळू नका. चक्कर आली, पोट वाढत्या प्रमाणात दुखलं किंवा मार नसतानाही डावा खांदा दुखू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.