पाटी फेकण्याआधी

नेवाशाच्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीता मराठीत सांगितली. शेवटच्या मागण्यात त्यांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचं वाकडेपण जावं एवढंच मागितलं. माणूस वेगळा, त्याचं वागणं वेगळं, ही निवड याच गावात झाली. वर्गातल्या ‘वांड’ पोराच्या बाबतीत ती आपल्याला का जमू नये?

याच तालुक्यात साखर कारखान्याजवळच्या एका शाळेत तिसरीतला मुलगा पाहिला. आईवडील कोयत्यावर, मुलाची बौद्धिक वाढ मंद, बोलणं दोन-तीन शब्दांचं. रोज पाटी फेकायचा, शेजारच्याला चावायचा. कुणी म्हणे बाहेरचं आहे, अंगारा लावा. बाईंनी वहीत तीन रकाने आखले: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय घडलं. आठवडाभरात उलगडा झाला. फळ्यावरचं उतरवायला सांगितलं की पाटी जायची, आणि पाटी गेली की त्याला व्हरांड्यात बसवत. आपण जिला शिक्षा समजत होतो, ती त्याची सुटका होती!

बाईंनी लिहिणं दोन अक्षरांवर आणलं. पंजा वर केला की पाच मिनिटं बाहेर, ही खूण शिकवली. पाटी फेकली तर मात्र बाहेर नाही. पहिले चार दिवस पाट्या वाढल्याच. पुष्कळांचा धीर इथेच सुटतो. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल पुष्कळदा आधी तीच आणखी जोराने करून बघतं, हे शिक्षकाला ठाऊक हवं. दुसऱ्या आठवड्यात पंजा वर आला.

आपल्याकडे अशा मुलांना शिकवण्याच्या कामाला वाट करून दिली ती बऱ्याचदा आईबापांनी. मुंबईत वकील आडनावाच्या दाम्पत्याने 1944 साली आपल्या मुलीसाठी शाळा काढली, नाशकात रजनी लिमये यांनी 1977 साली प्रबोधिनी ही अशाच मुलांची शाळा उभी केली. कायदे नंतर आले. शिक्षणहक्क कायद्याने 2009 मध्ये मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आले, स्वमग्नताही आली. पण अतिचंचलतेचं नाव त्यात नाही. अशा मुलाला त्या नावावर प्रमाणपत्र नाही, म्हणून बहुधा सवलत नाही, आणि धपाटे मात्र चुकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक वर्गांत विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला. खेड्यात येतो तो फिरता शिक्षक, ठरल्या वारी. पाटी काही वार बघून फेकली जात नाही. म्हणून रकाने आखायला वर्गशिक्षकालाच शिकवलं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

मार्चअखेर कारखान्याचा हंगाम संपला, पट्टा पडला. बिऱ्हाड गावाकडे निघालं. बाईंनी वहीच्या पानांचे फोटो आईच्या मोबाइलवर पाठवले आणि पुढच्या गुरुजींसाठी खाली एक ओळ लिहिली: पंजा वर केला, तर त्याला बाहेर जाऊ द्या.