ठिपक्यांचा रुपया

जुन्या पेटीत काळा पडलेला राणीछाप रुपया सापडला, की पहिला हात जातो चिंच आणि रांगोळीकडे. दुर्मीळ आहे का हे पाहायचं, तर आधी लख्ख करायला नको का? मुळीच नको. १८६२ चाच रुपया घ्या. त्यावरचं साल १८७४ पर्यंत बदललंच नाही. खरं वर्ष ओळखू यावं म्हणून मुंबईच्या टांकसाळीने सालाखाली बारीक ठिपके दिले. आज तोच रुपया साधा की दुर्मीळ, हे बऱ्याच अंशी हे ठिपके ठरवतात. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिला काळेपणा आणि ठिपका यातला फरक कळत नाही. उठावाचा भाग आधी झिजतो, आणि ठिपका हा उठावच.

आता काळेपणाचं पाहू. उदाहरणार्थ, पुण्याजवळच्या मांजरी गावापाशी वाहणारी मुळा-मुठा नदी शहराचं सांडपाणी घेऊन येते. प्राणवायू संपलेल्या अशा पाण्यात जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात आणि तो चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढवतो: आधी पिवळसर, मग तपकिरी-निळसर, शेवटी काळा. हा थर दहा-वीस ते शंभरेक नॅनोमीटर जाड. ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका उंच धरला, तर तो शंभर नॅनोमीटरच्या थराच्या हजारपट भरतो. म्हणजे काळेपणा ठिपका झाकूच शकत नाही. उलट खोलगट भागात गडद राहून तो उठाव अधिक स्पष्ट करतो.

ॲल्युमिनियमचा कागद आणि सोड्याच्या गरम पाण्यात ओरखडा पडत नाही, असं कोणी म्हणेल. खरं आहे, गंधक चांदीपासून सुटतं, चांदी परत मिळते. पण ती मूळच्या घट्ट जागी बसत नाही. पृष्ठभाग सूक्ष्म सच्छिद्र, निस्तेज होतो, आणि पुन्हा लवकर काळवंडतो. संग्राहकाच्या नजरेला ही धुलाई लगेच कळते. ठिपक्यावर खरोखरच माती बसली असेल तर? ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवावं, तेलकटपणा असेल तर ॲसिटोन वापरावं, पण घासू नये. जमिनीतून निघालेल्या नाण्यांवरची क्लोराइडची पुटं मात्र संवर्धकावरच सोडावीत. बाकीच्यांसाठी दहापट भिंग आणि एका बाजूने तिरपा पडणारा दिवा पुरे. पडलेल्या सावलीमुळे ठिपके मोजता येतात.