हिरव्या वस्त्राचे महिने

जून उजाडला की आमच्या वसईत हिरवा रंग दोन ठिकाणी उतरतो. पहिला वाडीत. दोन-चार सरींत केळीच्या पानांवरची धूळ धुऊन निघते, बांधावर गवत डोकं काढतं, विहिरीचा कठडा शेवाळतो. दुसरा चर्चमध्ये. पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण झाला की फादर लाल पूजावस्त्र उतरवून हिरवं घालू लागतात आणि मधले काही सण वगळले तर नोव्हेंबर संपेपर्यंत वेदीवर हाच रंग राहतो. २०२५ साली पेंटेकॉस्ट ८ जूनला होता आणि नाताळाआधीचा आगमनकाळ ३० नोव्हेंबरला सुरू झाला. भाताची लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, सगळं त्या दोन तारखांच्या मध्ये.

शाळेतली नोकरी संपली, पण शिकवण्याची सवय सुटली नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर मी आमच्या धर्मग्रामातल्या मुलांना धर्मशिक्षण देते. उपासनेच्या पंचांगात या लांबलचक हिरव्या पट्ट्याला ‘सामान्य काळ’ म्हणतात. एका मुलीनं विचारलं, “टीचर, सामान्य काळ म्हणजे ज्यात काहीच नसतं तो ना?” नाताळ नाही, ईस्टर नाही, गोडधोड नाही, मिरवणूक नाही. तिचा प्रश्न रास्त होता. पण मला वाटतं, सणांत आपण श्रद्धा साजरी करतो आणि या बिनसणाच्या महिन्यांत ती शिकतो. त्यातला निम्मा अभ्यास चर्चच्या भिंतीबाहेर असतो.

चार रंगांचं वर्ष

ख्रिस्ती उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो, तेव्हा वस्त्र जांभळं. नाताळाला पांढरं. मग थोडा हिरवा काळ. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पुन्हा जांभळं. ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला लाल आणि मग तो मोठा हिरवा टप्पा. तिथी पाळणाऱ्या वाचकांना ईस्टरचं गणित ओळखीचं वाटेल, कारण तेही चंद्रावर चालतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो आणि उपवासकाळ, पेंटेकॉस्ट त्याच्यासोबत मागेपुढे सरकतात.

हे पंचांग भूमध्य समुद्राच्या काठी घडलं. तिकडे जून म्हणजे कोरडा उन्हाळा. तेव्हा वेदीचा हिरवा रंग आमच्या पावसाशी जुळावा असं कुणी ठरवलेलं नाही. ते जुळलं आहे आणि ज्याला डोळे आहेत त्यानं त्याचा उपयोग करून घ्यावा, एवढंच माझं म्हणणं.

पश्चिमेचा ढग

लूकच्या शुभवर्तमानात येशू लोकांना खडसावतो. पश्चिमेला ढग दिसला की तुम्ही पाऊस येणार म्हणून सांगता आणि तो येतो. दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार हे ओळखता. मग आजचा काळ तुम्हाला का ओळखता येत नाही? पॅलेस्टाईनचा समुद्र पश्चिमेला आहे. तिथला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत समुद्रावरून येतो, दक्षिणेला वाळवंट. हा उतारा वसईच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. मे संपत आला की इथला प्रत्येक माणूस पश्चिमेकडे बघतो. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, कौलं चाळली जातात, सुकी मासळी, मसाला, लोणचं, सरपण भरून आगोटीची तयारी होते. ऋतू आमच्याशीही पश्चिमेकडूनच बोलतो.

वर्गात मी विचारते, आभाळाची खूण तुम्हाला कळते, मग शेजारच्या घराची खूण कळते का? कुणाचे बाबा कामावर जायचे थांबलेत? कोणत्या आजी गेले दोन रविवार चर्चला आल्या नाहीत? मुलं सुरुवातीला गप्प बसतात, मग एकेक घर आठवतं. वर्ग सुटला की आम्ही त्यातल्या एका घरी जाऊन येतो. येशूच्या त्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलेलं नाही.

येशूच्या बोलण्यात पेरणारा आहे, मोहरीचा दाणा आहे, अंजीर आहे, द्राक्षवेल आहे, गव्हात माजलेलं तण आहे. मराठी ख्रिस्ती माणसानंही ही वाट फार पूर्वी आपली केली. फादर स्टीफन्स हे इंग्लंडमधून गोव्यात आले आणि त्यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत बांधली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. पुढे नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचा घाट दिला. त्यांना महाराष्ट्र ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो, आणि निसर्गात हरवणारे बालकवी काही काळ त्यांच्याच घरी राहिले होते.

पावसाआधीची पालवी

राखेच्या बुधवारी कपाळाला लागणारी राख येते कुठून, हे पुष्कळ ख्रिस्ती मुलांनाही ठाऊक नसतं. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी माडाच्या कोवळ्या पाती आशीर्वादित करून वाटतात. कुणी त्यांना दुमडून क्रूस करतं, कुणी तसबिरीमागे खोवून ठेवतं. वर्षभरात पात पिवळी पडते, मग तपकिरी. चिमटीत धरली तर कुरकुरते. उपवासकाळ जवळ आला की या जुन्या पाती चर्चमध्ये गोळा करून जाळतात. मी मुलांना ते जवळून बघायला नेते. ज्वाला क्षणभर उंच जाते आणि पातींच्या एवढ्या मोठ्या ढिगाची मूठभर राख उरते. जी पात हलवून येशूचा जयजयकार केला, तीच राख होऊन कपाळी येते. जयजयकार करणाऱ्या गर्दीनं पाच दिवसांत तोंड फिरवलं होतं. आपणही त्या गर्दीतलेच, हे ती राख सांगते.

आणि त्याच दिवसांत झाडं दुसरं काही सांगत असतात. युरोपातल्या ईस्टरच्या चित्रांत बर्फ वितळून फुलं आलेली दिसतात. आमचा ईस्टर रणरणत्या उन्हात येतो. विहिरी खाली गेलेल्या, माती भेगाळलेली. तरीही पिंपळाला तांबूस आणि करंजाला पोपटी पालवी याच दिवसांत फुटते. पाऊस यायला अजून दोन महिने असतात. खोल गेलेल्या मुळांना जमिनीत राहिलेली ओल मिळते आणि तिच्या आधारावर झाड नवं पान काढतं.

पुनरुत्थानावर विश्वास ठेवणं म्हणजे काय, ते मला या पालवीनं शिकवलं. पाऊस पडून गेल्यावर हिरवं होणं सगळ्यांनाच जमतं. आजारपणात, घरातल्या मृत्यूनंतर, उत्तर मिळालेलं नसताना प्रार्थनेला बसणं अवघड. तेव्हा कामी येते ती जुनी ओल: लहानपणी आईच्या मांडीला मांडी लावून म्हटलेली संध्याकाळची जपमाळ, अर्थ कळण्याआधी पाठ झालेली गीतं. म्हणून मुलांना लहानपणी प्रार्थनेची सवय लावा, असं मी पालकांना सांगत असते.

सगळ्यांच्या विहिरीचं पाणी

बावखल हा शब्द वसईबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. बावखल म्हणजे वाडीच्या सखल भागातलं पूर्वजांनी खोदलेलं तळं. पावसाळ्यात ते तुडुंब भरतं, पाणी हळूहळू जमिनीत जिरतं, आसपासच्या विहिरींना गोडं पाणी मिळतं आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकायला अटकाव होतो. बावखल एकाच्या जागेत असलं तरी त्याचं पाणी कुंपण मानत नाही. ख्रिस्ती शेतकऱ्याच्या बावखलातलं पाणी हिंदू शेजाऱ्याच्या विहिरीत जातं, त्याच्या बावखलातलं आमच्या.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की देव चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच पाऊस पाडतो, आणि म्हणून वैऱ्यावरही प्रेम करा. वैऱ्यावर प्रेम ही गोष्ट मुलांना हवेतली वाटते. बावखलाच्या काठावर उभं राहिलं की ती पायाखालची होते. पाणी अडवायचं आपण, जिरवायचं आपल्या जागेत आणि ते कुणाच्या पोहऱ्यात येईल हे विचारायचं नाही.

पण गेल्या काही दशकांत कितीतरी बावखलं भराव टाकून बुजली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. या हावेविरुद्ध उभे राहिलेल्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, बायबलचे मराठी अनुवादक, २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अशी त्यांची ओळख महाराष्ट्राला आहे. वसईला ते हरित वसई संरक्षण समितीचे फादर म्हणूनही आठवतात. पुढे २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पृथ्वी हे आपल्या सगळ्यांचं घर आहे, तिची राखण हा श्रद्धेचाच भाग आहे, असं जगभरच्या कॅथलिकांना सांगितलं. आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला त्यात नवं काही वाटलं नसेल. तो ते करत आला होता.

पीक हातचं गेलं तर?

मुंबई आणि परिसरातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘आगेरा’ करतात. नव्या भाताच्या लोंब्या कापून, आशीर्वाद देऊन वाजतगाजत चर्चमध्ये आणतात. गोव्यात हा कणसांचा सण ऑगस्टमध्ये होतो. सासष्टीतल्या राय गावी तो ५ ऑगस्टला असतो. नगर-मराठवाड्याकडच्या चर्चमध्ये हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक ज्वारी-बाजरी, भाज्या, कोंबड्या घेऊन येतात. पहिलं फळ देवाला, ही रीत इस्राएलच्या शेतकऱ्याइतकी जुनी आहे.

पण ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस येतो. उभं भात आडवं होतं, कापून ठेवलेल्या कवळ्या भिजतात, दाण्याला मोड येतात. अशा वर्षी कसले धडे द्यायचे? मी मुलांना खोटं समाधान देत नाही. देवानं तुमची परीक्षा घेतली, असं मी कुणाही शेतकऱ्याच्या मुलाला सांगणार नाही. मी हबक्कूक उघडते. जुन्या करारातला हा संदेष्टा सगळं गेलेल्या हंगामाची यादीच देतो: अंजीर, द्राक्ष, जैतून, धान्य, मेंढरं, गुरं. आणि मग म्हणतो, तरीही माझा आनंद देवात आहे. पीक मिळालं म्हणून केलेली स्तुती आणि पीक नसताना केलेली स्तुती यांतली दुसरी कोणत्या तोलाची असते, ते त्या दिवशी मुलांना कळतं. त्या रविवारचं दान नुकसान झालेल्या घराकडे जावं, एवढंही त्यांना आपोआप सुचतं.

घड उतरल्यावर

२ नोव्हेंबरला आम्ही मृतांचं स्मरण करतो. स्मशानभूमीतलं गवत काढतात, क्रूस धुतात, वाडीतली फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्याच सुमारास मी मुलांना केळीपाशी नेते. केळ आयुष्यात एकदाच घड देते. घड उतरवला की तो खुंट तोडतात. पण वाकून बुंध्याशी पाहिलं तर मुनवे आधीच वर आलेले असतात. काही गुडघ्याएवढे, काही नुसते टोकदार कोंब. कापलेल्या खुंटाच्या सोपी तिथेच कुजून त्यांचं खत होतं. गव्हाचा दाणा मातीत मेला नाही तर एकटाच राहतो, असं येशूनं आपल्या मरणाविषयी सांगितलं. आजोबा गेलेल्या मुलाला ते वाक्य समजावण्याआधी मी त्याला मुनव्याला हात लावायला सांगते.

जमिनीचा एक तुकडा

आगमनकाळात आम्ही येशूजन्माच्या देखाव्यासाठी वाट्यांमध्ये नाचणी पेरतो. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. एक मुलगा रोज माती उकरून बघायचा, आलंय का ते. त्याच्या वाटीत काही उगवलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानातला शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो आणि बी कसं वाढतं हे त्याला कळत नाही. त्या मुलाला मी दुसरी वाटी दिली, त्यानं ती शेवटपर्यंत उकरली नाही. वाट पाहणं हे त्याला प्रवचनातून कळलं नसतं.

माझ्या वर्गातली आताची बरीच मुलं इमारतींत राहतात. लावणीचा चिखल त्यांच्या पायाला लागलेला नाही. ज्यांनी पेरणी पाहिली नाही त्यांना पेरणाऱ्याचा दाखला म्हणजे परक्या देशातली गोष्ट वाटते. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाला माझी कळकळीची विनंती आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गाला पुस्तकांसोबत जमिनीचा एक तुकडा द्या. दोन केळी, थोडं भात, जमलं तर एक वाचवलेलं बावखल. जूनमध्ये फादरांनी हिरवं वस्त्र घातलं की मुलांच्या हातात रोपं द्या आणि नोव्हेंबरपर्यंत त्यांनाच ती सांभाळू द्या. ऋतू देवाचा पुरावा देत नाहीत. पण धीर धरणं, वाटून घेणं, आभार मानणं आणि हातचं गेल्यावरही प्रार्थनेला बसणं, या सवयी ते लावतात. श्रद्धा म्हणून जे काही रोज जगायचं असतं, ते याच सवयींनी जगता येतं.