दारू सोडवायची, पण जीव सांभाळून

वाचक भगिनींनो, आजचे चार शब्द मुख्यतः तुमच्यासाठी आहेत. घरच्या पुरुषांनीही वाचले तर बरेच.

बाजाराच्या दिवशी एखादी शेजारीण कानात सांगते, अमक्याकडे पुडी मिळते, धन्याला न सांगता चहात घाला, दारू नकोशी होईल. त्या पुडीत काय आहे, हे कोणालाच धड ठाऊक नसते. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. पण ते पोटात असताना माणूस प्यायला तर तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो आणि प्रसंगी जीवही जातो. म्हणून डॉक्टर ते रोग्याला सगळे समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. चोरून द्यायची ही वस्तू नव्हे.

दुसरा घरगुती उपाय कोंडून ठेवण्याचा. वर्षानुवर्षे सकाळपासून पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना नसलेली माणसे, किडे दिसू लागतात, ताप चढतो, भान सुटते. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि देवऋषी गाठतात. बाधा कसली! हा दारू तुटल्याचा आजार आहे, आणि वेळेवर उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो. दवाखान्यात शांत करणाऱ्या गोळ्या हळूहळू कमी करत, ब-१ जीवनसत्त्व देत ते दिवस पार पाडतात. माळ घालून कोणी दारू सोडत असेल तर आनंदच आहे. पण आधी डॉक्टर, मग माळ.

आणि यासाठी बैल विकायला नको. आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही धरले आहेत, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी उपचार मोफत मिळण्याचा हक्क त्यात आहे. शिधापत्रिका बरोबर ठेवा. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन फुकट आहे; जवळचे अनुदानित केंद्र तेथे विचारा. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते. तेथे सगळे दारू सोडलेले किंवा सोडू पाहणारे असतात, म्हणून लाजायचे कारण उरत नाही.

खाजगी केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. नोंदणीचा कागद मागा, रात्री डॉक्टर असतो का ते विचारा. जेथे रोग्याला साखळीने बांधतात तेथून उठून या. त्याच कायद्याने ते बंद केले आहे.

डॉक्टरांकडे गेल्यावर काही लपवू नका. रोज किती पितो, शेवटची केव्हा घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, गांजा किंवा झोपेच्या गोळ्याही घेतो का, एवढे नीट सांगा. पहिल्या दिवसाचे औषध त्यावरच ठरते.