मांजरीविना व्हिटिंग्टन

इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांतून लंडनचा महापौर डिक व्हिटिंग्टन आपल्याकडच्या मुलांपर्यंतही पोचला आहे. अनाथ पोरगा, सोबत मांजर, परत फिर म्हणणाऱ्या चर्चच्या घंटा आणि शेवटी महापौरपद! रिचर्ड व्हिटिंग्टन हा माणूस खरा होता. पण या गोष्टीने त्याचं खरं काम झाकून टाकलं, याची मला मनापासून खंत वाटते.

गैरसमज : तो कंगाल, अनाथ होता.
तो ग्लॉस्टरशर परगण्यातल्या पॉन्टली गावच्या जमीनदार घराण्यातला, सर विल्यम व्हिटिंग्टन यांचा मुलगा. मात्र धाकटा. तिथल्या रिवाजाने जमीन थोरल्याकडे जाई, धाकट्यांनी आपलं नशीब बाहेर काढायचं. रिचर्ड लंडनला जाऊन कापडाच्या धंद्यात शिरला आणि पुढे रेशीम, मखमल असा उंची माल थेट राजा दुसरा रिचर्ड याच्या दरबाराला पुरवू लागला.

गैरसमज : मांजरीने त्याला श्रीमंत केलं.
तो वारला 1423 मध्ये, आणि त्याच्या मांजरीचा लेखी उल्लेख सापडतो तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून. उंदरांनी गांजलेल्या मुलखात मांजर नेऊन धनवान झालेल्याची कथा तर इराणमध्ये त्याच्या जन्माआधीच लिहिली गेली होती. त्याचा पैसा कापडाचा आणि सावकारीचा. त्याने एकामागून एक तीन राजांना कर्जं दिली. चर्चला व्याज मंजूर नव्हतं. त्यामुळे मोबदला वेगळ्या वाटेने मिळे. उदाहरणार्थ, जकात न भरता लोकर निर्यात करण्याची परवानगी.

गैरसमज : तो तीनदा महापौर झाला.
निवडून आला तीनदा : 1397, 1406 आणि 1419 मध्ये. पण त्याची पहिली कारकीर्द निवडणुकीची नव्हतीच. जून 1397 मध्ये महापौर ॲडम बॅम पदावर असतानाच वारला आणि राजाने व्हिटिंग्टनला परस्पर नेमलं. दरवर्षी आपला महापौर निवडण्याचा हक्क लंडनकरांना 1215 मध्येच जॉन राजाच्या सनदेने मिळाला होता. त्यामुळे ही नेमणूक साधी बाब नव्हती. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरिकांनी त्यालाच निवडलं. शहराचा भरवसा त्याने कमावला होता, असं मला यावरून वाटतं.

नावामागे ‘सर’ लावतात, तेही चूक. तो कधीच नाइट झाला नाही.

त्याला मूलबाळ नव्हतं आणि पत्नी ॲलिस आधीच गेली होती. त्याची संपत्ती शहराच्या कामी आली. न्यूगेटचा तुरुंग नव्याने बांधला गेला, गिल्डहॉलमध्ये ग्रंथालय झालं. सेंट थॉमस रुग्णालयात त्याने अविवाहित मातांसाठी वेगळी खोली उघडली होती. त्यांची नावं बाहेर फुटू नयेत, हीही त्याची अट होती. पंधराव्या शतकातल्या एका व्यापाऱ्याला हे सुचावं, याचं मला कौतुक वाटतं. टेम्सकाठी त्याच्या पैशाने 128 बैठकांचं सार्वजनिक शौचालय उभं राहिलं, 64 पुरुषांसाठी आणि 64 स्त्रियांसाठी. भरतीचं पाणी आत शिरे आणि घाण वाहून नेई. शहरात राहणाऱ्या गरिबाला, विशेषतः बाईला, याचं मोल काय होतं हे वेगळं सांगायला नको.

वृद्ध गरिबांसाठी त्याने केलेली निवाऱ्याची सोय कापडवाल्यांची जुनी संस्था, मर्सर्स कंपनी, आजही चालवते. फक्त ती जागा आता लंडनबाहेर, दक्षिणेला आहे.