परसातील मोगऱ्याचा चैत्रबहर

माघ सरून उन्हाचा जोर वाढू लागला की खेड्यातील परसांचे रूप पालटते. निष्पर्ण देवचाफ्याच्या टोकांवर फुलांचे गुच्छ येतात आणि मोगऱ्याच्या पानांआड बारीक हिरव्या कळ्या दिसू लागतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ व पन्हे यांच्या जोडीला घरच्या मोगऱ्याचा गजरा असावा, ही गृहिणीची इच्छा स्वाभाविकच होय. परंतु पुष्कळ घरी मोगरा पानांनी गच्च भरतो आणि फुले मात्र जेमतेम ओंजळभर देतो. मग जातच वाईट निघाली असे समजून चांगले जोमदार झुडूप उपटून टाकण्यात येते. वास्तविक दोष जातीचा नसून निगेचा असतो.

मोगऱ्याला फुले येतात ती नव्या फुटीच्या टोकांवर. जुनी, जून झालेली फांदी फुलत नाही. परसातील झुडूप बहुधा मोरीच्या पाटाशी लावलेले असते. त्यास बारमाही पाणी मिळते व कोणी त्याला कात्री लावीत नाही. अशा झुडपाची वाढ अखंड चालू राहते आणि सारी शक्ती पानांत खर्च होते. शेतकरी मृग बहरासाठी डाळिंबाच्या वा संत्र्याच्या बागेचे पाणी तोडतो. बागेला ताण दिल्यावाचून बहर धरत नाही, हे त्यास पक्के ठाऊक असते. तोच शेतकरी दारच्या मोगऱ्याला मात्र रोज बादलीभर पाणी ओततो, ही मौजेची गोष्ट आहे!

यास्तव मार्गशीर्षापासून मोगऱ्याचे पाणी हळूहळू कमी करून पुढे ते बंद करावे. पाने पिवळी पडून गळू लागली तरी घाबरू नये. जानेवारीत झुडूप जमिनीपासून सुमारे दीड फुटावर धारदार कात्रीने छाटावे. वाळलेल्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळाशीच काढाव्यात. छाटलेले झुडूप पाहून घरातील वडीलधारी मंडळी हळहळतात, व कार्यकर्त्यास दोन शब्द ऐकूनही घ्यावे लागतात. त्यांची समजूत घालण्याचा उत्तम उपाय म्हणजे पहिल्या वर्षी दोनांपैकी एकच झुडूप छाटणे. चैत्रात दोन्ही शेजारी शेजारी उभी असली की निराळे सांगावे लागत नाही.

छाटणीनंतर बुंध्याभोवतालची माती हलक्या हाताने चाळवून दोन दिवस उन्हात तापू द्यावी, चांगले कुजलेले शेणखत एक-दोन घमेली घालावे आणि मग भरपूर पाणी द्यावे. येथून पुढे, विशेषतः कळ्या धरल्यावर, पाण्याचा खंड पडू देऊ नये. साबण-सोड्याचे पाणी मात्र कटाक्षाने टाळावे. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. त्यासाठी एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारावे. कळ्या जांभळट होऊन जाळीने चिकटलेल्या दिसल्यास आत अळी आहे असे जाणून त्या खुडून नष्ट कराव्यात. परसातील चार झुडपांना सहसा एवढे पुरते.

एकच कात्री सर्व झाडांना लावू नये. कुंद हिवाळ्यात फुलतो, म्हणून त्याची छाटणी फुले संपल्यानंतरच करावी. देवचाफ्याची फुले फांदीच्या टोकालाच येतात. हिवाळ्यात ती टोके छाटणे म्हणजे त्या वर्षीचा बहरच छाटणे होय.

मोगऱ्याच्या टोकावर बहुधा तीन कळ्यांचा झुबका असतो. त्यांपैकी मधली कळी आधी उमलते. पांढऱ्या, टपोऱ्या, पण न उमललेल्या कळ्या सकाळी लवकर खुडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात; सायंकाळी त्या उमलून घरभर दरवळतात. फुलून गेलेले शेंडे थोडे खुडल्यास नवी फूट येते व बहर उन्हाळाभर टिकतो. पावसाळ्यात जमिनीलगतची एखादी फांदी मातीत दाबून ठेवावी, म्हणजे तिला मुळ्या फुटून शेजारच्या घरासाठी आयते रोप तयार होते.