पोहरादेवीतून संरक्षण मंत्रालयापर्यंत

संत सेवालाल महाराजांच्या पोहरादेवीत बसून संरक्षण मंत्रालयाच्या संगणकाला हातभार लावता येईल का? येईल, आणि त्यासाठी सरकारी नोकरी लागत नाही. 2015 साली केंद्राने सरकारी कामात मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आणले. 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने विंडोजऐवजी ‘माया’ ही संगणक चालवणारी प्रणाली घ्यायचे ठरवले. माया उबुंटू या मुक्तस्रोत प्रणालीवर उभी, उबुंटू डेबियन या प्रणालीवर. आणि डेबियन जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात.

या कामाची सुरुवात सॉफ्टवेअरमधल्या इंग्रजी मजकुराच्या मराठी भाषांतराने करावी. फाइलमध्ये वर इंग्रजी ओळ, खाली मराठीसाठी रिकामी जागा. टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटलेले अक्षर दिसले, तर ते तसेच ठेवायचे. तिथे प्रोग्रॅम नाव किंवा आकडा भरतो.

आपण पाठवलेला बदल जाणकार तपासतात, मगच तो आत जातो. तरीही 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली आकसून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विश्वास कमावलेल्या सहकाऱ्यानेच चोरवाट पेरली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले म्हणून ती सापडली. असे बारकाईने पाहणे हे माझ्या मते सर्वांत मोलाचे योगदान.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: मुक्त केलेले काम शाळेने वापरावे की सैन्याने, हे मग आपल्या हाती राहत नाही.